अंग न चाटणारी मांजरं

चर्चच्या तळघरात त्या दुपारी पाय ठेवायला जागा नव्हती. सप्टेंबर संपत आला होता. वर लख्ख ऊन, खाली कॉफीचा वास, भिंतीलगतच्या टेबलांवर प्रत्येकीने घरून आणलेलं जेवण. पण ताट हातात घेऊनही कुणी घास घेत नव्हतं. सगळ्या टॅमरॅक गावाची नजर नऊ वर्षांच्या ब्रिटा होल्मवर खिळली होती. तिच्या मांडीवर एक पांढरीशुभ्र मांजर होती आणि ब्रिटाने तिच्या पाठीत नाक खुपसलं होतं.

गेल्या वर्षी हीच ब्रिटा एका मांजरीशेजारी बसली, तर डोळे सुजून दम्याने तिची छाती भरून आली होती. आता सारं गाव कान टवकारून उभं होतं. शिंक नाही. घरघर नाही. ब्रिटाची आई मारिट तोंडावर हात धरून रडत होती.

"ऐकलंत?" लायल प्रॉसर गरजला. "काहीच ऐकू आलं नाही ना? तेच तर ऐकायचंय, मंडळी!"

हा प्रॉसर ऑगस्टमध्ये लांबलचक गाडी घेऊन गावात आला होता. पांढरा डगला, पांढरी दाढी, पांढरी मांजरं. "निसर्गाने मांजर लिहिताना एक अक्षर चुकवलं," तो हात पसरून सांगू लागला. "मी ते जनुक काढलं. अक्षर पुसलं, शिंक पुसली! या, हात लावा, नाक लावा!"

लोकांनी नाकं लावली. पशुवैद्य म्हणून मलाही पुढे ढकललं. मी विचारलं, "कुठल्या प्रयोगशाळेत काढलंत हे जनुक?"

"डॉक्टर, सूर्य उगवला की तुम्ही त्याचा पत्ता विचारता का?"

हशा पिकला. आमचं गाव तसं हुशार. कुणी ताईत विकायला आला असता, तर त्याला वेशीवरूनच हाकललं असतं. पण पांढरा डगला दिसला आणि 'जनुक' हा शब्द कानावर पडला की आम्ही टोपी काढतो. त्या दुपारी सात घरांत सात मांजरं गेली. ब्रिटाने आपल्या मांजरीचं नाव पर्ल ठेवलं.

ऑक्टोबरात पहिलं कडक, गोठवणारं दहिवर पडलं. आमच्याकडे तो सणच असतो. उन्हाळ्याच्या अखेरीला शेतांच्या बांधांवर रॅगवीड फुलतं, त्याचा पराग हवेत भरतो आणि अख्खं गाव शिंकांनी आणि गोळ्यांनी बेजार होतं. ते तण दहिवराने एका रात्रीत काळं पडतं. सकाळी माणसं दारात उभी राहून एकमेकांना ओरडून सांगतात, "मेलं एकदाचं!"

त्या आठवड्यात ब्रिटाला इस्पितळात न्यावं लागलं. बाकीच्या सहा घरांतही शिंका सुरू झाल्या. प्रॉसरचा चेहरा जराही उतरला नाही. "जनुक नवीन जागी बुजतं," तो म्हणाला. "मांजरं आणा, पक्कं करून देतो. आणि हो, घरातली औषधं बंद करा. औषधाच्या वासाने जनुक मागे फिरतं."

आठ-दहा दिवसांनी मांजरं परत आली. शिंका खरंच कमी झाल्या. गावाने त्याला डोक्यावर घेतलं.

मला मात्र त्या दिवसांपासून गावातून चालणं नकोसं झालं. पहिल्यांदा त्या सात घरांपैकी गस टिकानेनच्या खिडकीत पाहिलं. त्याची मांजर काचेमागे बसली होती, तोंड अर्धवट उघडं, केस राठ आणि चिकटलेले. पुढच्या घरात दुसरी, तशीच. मांजर उन्हात बसली की काय करते? पंजा चाटते, अंग चाटते, पुन्हा पंजा चाटते. ही मांजरं नुसती बसून राहत, समोर बघत, जिवंत असून घरात नसल्यासारखी. एका घरात मांजर न्हाणीच्या नळाखाली उभी होती आणि घरातली बाई मला हसत म्हणाली, "हिला पाणी फार आवडतं हो!"

नोव्हेंबरात मारिट पर्लला घेऊन दवाखान्यात आली. "डॉक्टर, ही सारखी पाण्याच्या वाडग्यापाशी असते. कोरडं अन्न तोंडात घेते आणि टाकून देते. आणि ब्रिटा म्हणते, ती आपल्याला आता चाटत नाही."

"ब्रिटा कशी आहे?"

"बरी आहे... म्हणजे, जिना चढताना धापते थोडी."

"दम्याचा फवारा घेते ना रोज?"

मारिटने पर्सचा पट्टा हाताभोवती गुंडाळला. मग हळूच म्हणाली, "प्रॉसरांनी बंद करायला सांगितलं होतं."

मी पर्लची हनुवटी वर उचलली. जबड्याखाली, दोन्ही बाजूंना, केसांत लपलेले टाक्यांचे वण होते. मी तिच्या जिभेला बोट लावलं. जीभ फडक्यासारखी कोरडी होती. मी पर्लला त्या रात्री दवाखान्यातच ठेवून घेतलं.

प्रॉसरचा निरोपाचा मेळा दुसऱ्याच दिवशी होता, पुन्हा त्याच तळघरात. मी पर्लला घेऊन गेले. मारिट आणि ब्रिटा मागोमाग आल्या. बाकीच्या सहा घरांनीही आपापली मांजरं आणली होती.

"आल्या बघा डॉक्टरीणबाई!" प्रॉसर म्हणाला. "मांजरं सुखी झाली की यांच्या पोटात दुखतं."

"मला एकच विचारायचंय, तेही गावाला," मी म्हटलं. "सप्टेंबरात इथे नाक लावलंत, त्या दिवशी रॅगवीडची गोळी घेतली नव्हती असं कोण आहे? हात वर करा."

एकही हात वर गेला नाही.

"अहो, सप्टेंबरात गोळी कोण घेत नाही?" गस म्हणाला, आणि म्हणता म्हणता त्याचा आवाज बारीक झाला.

"तीच गोळी मांजरीमुळे येणाऱ्या शिंकाही थांबवते. ब्रिटा तर गोळी आणि वाढवलेला फवारा, दोन्ही घेत होती. त्यात मांजरं त्या सकाळी धुऊन आणलेली असणार. दहिवर पडलं, आपण गोळ्या कपाटात टाकल्या, की शिंका परतल्या. याने जनुक-बिनुक काही काढलं नव्हतं. आपण सगळे औषध घेऊन चमत्कार बघायला आलो होतो."

"मग आता का बरं वाटतंय?" मागून कुणीतरी ओरडलं. "आता कुठे गोळ्या घेतोय?"

मी पर्लला टेबलावर ठेवलं आणि तिची हनुवटी उचलली. "आपल्याला जे सोसत नाही, ते मांजरीच्या लाळेत असतं. ती अंग चाटते, लाळ केसांवर वाळते, हवेत उडते. म्हणून 'पक्कं करायला' नेली तेव्हा याने लाळेच्या ग्रंथीच कापून काढल्या. लाळ नाही म्हणून चाटणं नाही. तरी त्वचेतून ते थोडं येतंच राहतं, आणि या मुलीचा फवारा याने बंद करवलाय."

गसने आपल्या मांडीवरच्या मांजरीची हनुवटी वर केली. मग शेजारच्या बाईने तिच्या मांजरीची. सात पांढऱ्या हनुवट्या वर झाल्या, आणि मांजरंही, एकदाही न ओरडता, आमच्याकडे बघत राहिली.

प्रॉसर दाराकडे सरकला होता. दोघा गवळ्यांनी दार अडवलं, आणि शेरीफ येईपर्यंत त्याच्या तोंडून एक अक्षर निघालं नाही. पुढे कळलं, तो दुसऱ्या राज्यात पशुवैद्य होता आणि त्याचा परवाना कधीच रद्द झाला होता.

गसने मांजरीची हनुवटी हळूच सोडली. "पण डॉक्टर," तो शेवटी म्हणाला, "उद्या कुणी खरोखर जनुक बदललं तर? कापाकापी नाही, टाके नाहीत. मग तर पाप नाही ना?"

"तसा प्रयत्न करणारी खरी माणसं आहेत, गस, आणि ती सगळी काही प्रॉसर नाहीत. पण ते द्रव्य मांजरीच्या अंगात कशासाठी आहे, हे अजून नीट कुणालाच ठाऊक नाही. ते काढल्यावर तिचं काय होईल, तिच्या पिलांचं काय होईल, हे आधी विचारा. पुरावा मागा. आणि शिंक थांबली की पाहणं थांबवू नका. आपण पाहिलं फक्त आपल्या नाकाकडे. मांजर समोर मरत होती, ती कुणाला दिसली नाही."

माना डोलल्या. मला वाटलं, सांगायचं ते सांगून झालं.

ब्रिटा टेबलापाशी आली. तिचा श्वास शिट्टीसारखा वाजत होता. तिने पर्लच्या वणांवरून बोट फिरवलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"आजारी मी होते ना?" ती म्हणाली. "मग टाके हिला का घातले?"

मी कपात पाणी ओतून पर्लसमोर धरलं. मारिटने पर्सच्या तळातून फवारा शोधून काढला, मुलीला जवळ ओढलं आणि तो तिच्या तोंडाला लावला.