आईच्या पिशवीतले दोन दिवे

किल्ल्याच्या दारावरच्या पहारेकऱ्याने आईच्या पिशवीतून आधी घासायचा ब्रश काढला, मग दोन फडकी, पाण्याची बाटली आणि शेवटी टॉवेलात गुंडाळलेले काचेचे दोन लाल मेणदिवे. मागची रांग थांबली. तो माझ्याकडे बघत राहिला आणि मी आईकडे.

"आई, किल्ला बघायला आलोय आपण. घासायला नाही."

"तुम्ही बघा की. मी इथं बाकावर बसते."

सकाळपासून हे असंच चाललं होतं. माझा नवरा झ्बिशेक गोदीत वेल्डर आहे. सणाची एक सुट्टी त्याला मिळाली होती आणि त्याने हौसेने बेत आखला होता: किल्ला, मग कालव्यातून बोट, मग घंटाघर. आम्ही दोन वर्षांसाठी म्हणून पोलंडहून बेल्जियममध्ये गेंटला आलो, आता चौथं वर्ष चालू आहे आणि अजून हे शहर आम्ही धड पाहिलेलं नाही. निदान आईच्या निमित्ताने पाहू, असं त्याला वाटलं होतं. आईने मात्र प्रत्येक ठिकाणी बाक शोधला आणि पिशवी मांडीवर घेऊन बसली.

चूक माझीच होती. मी हॉटेलात खोल्या साफ करते. आमच्या ओलिव्हकाच्या शाळेला आठवडाभर सुट्टी, पोरीला सांभाळायला कोणी नाही, म्हणून आईला बोलावून घेतलं. तारीख बघितलीच नाही. एक नोव्हेंबरला आमच्याकडे घरात कोणी थांबत नाही. सगळं गाव आपापल्या माणसांच्या थडग्यांवर दिवे लावायला जातं. बाबा गेल्यापासून आईने हा दिवस कधी चुकवला नव्हता. इस्पितळाच्या स्वयंपाकघरात नोकरीला होती तेव्हाही सूप उकळत ठेवून जायची.

"अगं, विएस्यामावशी लावणार आहे ना बाबांचा दिवा?" बोटीत मी विचारलं.

"विएस्या! ती एक काडी ओढणार, वाऱ्याने विझली की घरी जाणार. सगळीकडे उजेड आणि तुझा बाप तेवढा अंधारात."

नावाडी काठावरची जुन्या व्यापारी पेढ्यांची घरं दाखवत होता. त्याच्या अंगावरून हात लांब करून आईने झ्बिशेकला हलवलं आणि विचारलं, "इथलं कबरस्तान कुठल्या बाजूला रे?"

झ्बिशेकने डोळे मिटले. मग हसायलाच लागला. "आई, तुमच्यापुढे हात टेकले. घंटाघर काही पळून जात नाही. चला एकदाचे."

ट्राममध्ये ओलिव्हका वॉफलसाठी भुणभुणत होती, माझे पाय दुखत होते आणि आई दिवसभरात पहिल्यांदाच खिडकीबाहेर बघत होती. मला इतका राग आला होता की मी तिच्या शेजारी बसलेच नाही.

दफनभूमीत पोचलो तेव्हा उजेड ओसरला होता. मधल्या मोठ्या क्रुसापाशी मेणबत्त्या दिसत होत्या. ज्यांची माणसं दूर पुरलेली असतात, त्यांनी दिवा तिथं ठेवायचा, ही आमच्याकडचीही रीत.

"ठेव तिथं आणि चल," मी म्हटलं. "पोर गारठलीय."

झ्बिशेक ओलिव्हकाला घेऊन फाटकाशी थांबला. आई क्रूस ओलांडून पुढे गेली आणि भिंतीकडच्या एका थडग्यापाशी थांबली. शेवाळाने नावही झाकलं होतं. ती गुडघ्यांवर बसली, बाटलीतलं पाणी ओतलं आणि अर्धा दगड घासून काढला. मग ब्रश माझ्यापुढे धरला.

"आता तू."

"मी? हा माणूस आपला कोण?"

"कुणाचा तरी असेलच. त्यांना यायला जमलं नसेल. तिकडं तुझ्या बापासाठी कुणाला तरी अशीच बुद्धी होईल."

"मग दिवा लाव ना पटकन!"

"आधी घासायचं, मग लावायचं. उलटं केलंस तर मेण सगळं दगडाला चिकटतं. नीट बघून ठेव."

मी दात-ओठ खात घासलं. आईने फडक्याने दगड पुसला, एक दिवा लावला आणि ओठांतल्या ओठांत बाबांचं नाव घेतलं. दुसरा दिवा तिने पुन्हा टॉवेलात गुंडाळला.

"हा कुणाचा?"

"हा तुझ्याकडे राहू दे. वरच्या फळीवर ठेव, नाहीतर ओलिव्हका फोडेल. पुढंमागं तुला गावाला यायला सुट्टी मिळाली नाही, तर इथंच असं एखादं बघायचं."

पुढच्या उन्हाळ्यात आम्ही परतणारच आहोत, असं मला म्हणायचं होतं. दर वर्षी म्हणते. या वेळी तोंडातून निघेना.

"असलं काही बोलू नकोस, आई."

"मी काय बोलले? त्या कोपऱ्यात शेवाळ राहिलंय बघ. हॉटेलात असंच घासतेस?"

फाटकावर बंद व्हायची घंटा वाजू लागली. झ्बिशेक लांबून हाका मारत होता. मी पुन्हा गुडघ्यांवर बसले आणि तो कोपरा घासला.