कायमायट नावाचा पक्षी

चैत्रात अमेरिकेतल्या आमच्या कॅरी गावात पाइन वृक्षांतून पिवळा पराग झरू लागला की माझ्या घरामागच्या लाकडी डेकवर त्याचा मऊ थर साचतो, आणि मला त्यात दत्ताकाकांची पावलं दिसू लागतात. कठड्यापासून दारापर्यंत, दारापासून कठड्यापर्यंत, अखंड, अस्वस्थ. निवृत्त डॉक्टर, जन्म वेंगुर्ल्याचा, हयात अमेरिकेत गेलेली. या माणसाला बसणं म्हणून ठाऊक नव्हतं. काकू गेल्यापासून तर खुर्चीशी त्यांचं वैरच जडलं होतं. चहासुद्धा येरझाऱ्या घालतच प्यायचे.

२००५ साली त्यांनी विद्यापीठाच्या ग्रंथालयाचं एक काम अंगावर घेतलं. एकोणिसाव्या शतकातल्या एका युद्धनौकेवर निसर्गाचा अभ्यासक होता. त्याच्या नोंदवहीच्या छायाप्रती पाहून मजकूर जसाच्या तसा टाइप करायचा. तिरप्या, बारीक इंग्रजी अक्षरांत वाऱ्याची दिशा, लाटांचा बदलता वर्ण, जाळ्यात आलेले मासे. कोकणकिनाऱ्याशी नांगर टाकल्याच्या दिवशी मात्र, एका होडीवाल्याला विचारून लिहिलेलं पक्ष्याचं नाव : कायमायट. पाठ करडी, पाय पिवळे.

झालं! आपल्या किनाऱ्यावरचा पक्षी आणि आपल्यालाच माहीत नाही म्हणजे काय? काकांनी पक्ष्यांची सगळी पुस्तकं पालथी घातली. त्याच दिवसांत त्यांच्या नजरेच्या मध्यभागी एक काळा डाग पसरत चालला होता, आणि तो थांबणार नाही हे डॉक्टर असल्यामुळे त्यांना पक्कं ठाऊक होतं. डोळे जाण्याआधी तो पक्षी सापडायला हवा, एवढाच एक ध्यास उरला.

अक्षरं दिसेनाशी झाली तेव्हा शनिवारी सकाळी मी ड्राइव्ह करून त्यांच्याकडे जायची आणि नोंदी वाचून दाखवायची. मी नागपूरची, कॉम्प्युटरवाली. समुद्राचं मला काय कळतं! त्यांच्या डेकवर बसून मी वाचायची, ते फिरायचे, आणि एका जागी बसा हो काका, म्हणून मी वैतागायची. एका सकाळी ते नाव आलं. मी मोठ्याने वाचलं आणि पावलं थांबली. त्यांनी पुन्हा वाचायला लावलं, मग आणखी एकदा, शेवटच्या 'ट'चा 'त' करून. मग ते खुर्चीत बसले, चक्क बसले, आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत राहिले.

"अगं, तो म्हणाला होता, 'काय म्हायत!'"

साहेबाने नाव विचारलं, होडीवाल्याला ते ठाऊक नव्हतं, आणि त्याचं ते न ठाऊक असणंच साहेबाने पक्ष्याला चिकटवून टाकलं. पन्नास वर्षं कानांवर न पडलेली गावची बोली काकांना डोळ्यांनी ओळखता आली नव्हती. मी दुरुस्तीची टीप लिहू लागले, तर त्यांनी माझा हात धरला.

"राहू दे. त्या माणसाचं नाव कुणी लिहिलं नाही. तेवढा आवाज उरलाय त्याचा."

मग तो पक्षी कोणता, हे मी विचारलं नाही. काका झाडांच्या दिशेने पाहत होते. झाडं त्यांना दिसत नव्हती.

काकांना जाऊन आता वर्ष झालं. आज सकाळी माझ्या कठड्यावर कुठलासा करडा पक्षी येऊन बसला. नाव विचारायला मी सवयीने मागे वळले, तर मागे नुसता पराग होता, सपाट, माझ्याखेरीज कुणाचंही पाऊल न उमटलेला. काळाच्या ओघात नावं वाहून जातात आणि ज्यांना विचारावं ती माणसंही. उरतो तो कुणाचा तरी आवाज, आपल्या तोंडी. "काय म्हायत," मी त्यांच्याच हेलात म्हणाले, आणि कुठेतरी ती पावलं क्षणभर थांबली.