खांद्यावरचा कॅमेरा

आमच्या ह्यांना पतंगांचं वेड आहे. दिव्याभोवती घिरट्या घालतात ना, ते पतंग. फुलपाखरं असती तर चारचौघांत सांगता तरी आलं असतं. संध्याकाळी टेकडीवर जायचं, दोन झाडांत पांढरी चादर ताणून बांधायची, तिच्यापुढे बॅटरीचा दिवा लावून घरी यायचं आणि उजाडता उजाडता जाऊन बघायचं, की चादरीवर कोण कोण मुक्कामाला राहिलंय. चादर अर्थातच माझी. चांगली, नवी.

चष्म्याच्या दुकानात आयुष्यभर भिंगं घासली ह्यांनी. त्यामुळे फोटो कसे, तर पंखावरची भुकटी दिसावी असे. पण गेले काही महिने सगळे फोटो धूसर यायला लागले. हे म्हणाले, कॅमेरा बिघडलाय. कॅमेरेवाल्याने उघडून बघितला आणि तसाच परत दिला. "ठणठणीत आहे, काका," म्हणाला आणि ह्यांच्या हाताकडे बघत राहिला.

मला काय दिसत नव्हतं? कप बशीवर वाजायला लागला होता. शर्टाची बटणं लावायला अर्धी सकाळ जात होती. डॉक्टरचं नाव काढलं की हे पेपरात तोंड खुपसायचे. मी शिवणकाम करणारी बाई, जीभही सुईसारखीच; एक दिवस बोलून गेले, "नाचता येईना, अंगण वाकडं!"

भांडले असते तर बरं झालं असतं. हे शांतपणे म्हणाले, "विकून टाकतो कॅमेरा. तुझी चादरही सुटेल एकदाची."

पतंग गेले तर ह्या माणसाला सकाळी उठवायचं तरी कशासाठी?

"खुशाल विका," मी म्हटलं. "पण उद्या मला घेऊन चला. माझ्या चादरीवर कोण लोळतं ते मलाही कळू दे."

दुसऱ्या दिवशी गेलो, तर चादरीच्या खालच्या काठाशी एक बसला होता. सुकलेलं पानच म्हणा. हे कुजबुजले, "अगं, हा! किती वर्षं शोधतोय ह्याला. पंख उचलले की आतून गुलाबी असतो." स्टँड घरी माळ्यावर धूळ खात पडलेला. हे उकिडवे बसले, कॅमेरा डोळ्याला लावला आणि खाली घेतला. पुन्हा लावला. पुन्हा खाली.

मी सरळ त्यांच्यापुढे मातीत फतकल मारली. "टेका माझ्या खांद्यावर."

"अगं, काहीतरीच काय!"

"टेका म्हणते ना! उडून गेला तर जन्मभर माझं डोकं खाल."

टेकवला. बघून कळत होतं ते वेगळं. आता ती थरथर माझ्या हाडापर्यंत पोचली. इतकी? आणि हा माणूस एकटाच ती वागवत होता, मला काही कळू न देता! असा राग आला म्हणून सांगू, आणि त्या रागातच डोळे भरून आले. तेवढ्यात पतंगाने पंख उचलले. गुलाबी, अगदी गुलाबी. कॅमेरा खटकन वाजला आणि पतंग उडाला.

हे कॅमेऱ्यात बघत राहिले. मागे वळायची माझी हिंमत होईना.

"धूसर?"

"धूसर."

"जाऊ दे हो, मेला कॅमेराच तसला."

"कॅमेऱ्याला काय धाड भरलीय? माझा हात हलला की रंगाचा आडवा फराटा उठतो. दर वेळी. पाठ झालाय मला." त्यांनी फोटो माझ्यापुढे धरला. गुलाबी रंग वरून खाली ओघळला होता. "हा उभा आहे. हा तुझा हुंदका."

मी बाहीने नाक पुसलं. हे माझ्या शेजारी मातीत बसले आणि हात माझ्या गुडघ्यावर ठेवला, थरथरत होता तसाच.

"डॉक्टरकडे जाऊ या," ते म्हणाले. "पण उद्या कॅमेरा टेकवेन तेव्हा रडायचं नाही हं."

"नाही रडत, जा," मी म्हटलं, आणि मग मात्र मोकळेपणी रडले.