साठची मी चौसष्टची झाले

मी बोलतेय, पण आवाजावरून तुम्ही मला ओळखणार नाही. गाडी झपकन निघाली की लोक म्हणतात, "काय इंजिन आहे!" माझं नाव कुणी घेत नाही. मी थ्रॉटल बॉडी. ॲल्युमिनियमची आखूड नळी, तिच्या मधोमध आडवी दांडी आणि दांडीवर स्क्रूने बसवलेली गोल झडप. तुम्ही ॲक्सिलरेटर दाबलात की झडप उघडते आणि माझ्यातून हवा इंजिनात जाते. पाय काढलात की स्प्रिंग झडप मिटवते. इंजिनाचा घसाच म्हणा ना मला.

माझा जन्म ओतकामाच्या कारखान्यात झाला. तिथून मी एका साध्या घरगुती गाडीत आले. नऊ वर्षं शाळा, दवाखाना, बाजार अशा फेऱ्या केल्या. मग मालकाने नवी गाडी घेतली आणि आम्हाला एका गॅरेजच्या मागे सोडून दिलं. दोन वर्षं कुणी बॉनेट उघडलं नाही. माझ्या तोंडाशी एका कोळ्याने संसार थाटला.

गॅरेज बापलेकीचं होतं. बाप म्हणजे नाना. चाळीस वर्षं लेथवर, धातू कातायच्या यंत्रावर, काढलेला माणूस. सगळी गल्ली त्यांना 'मायक्रो नाना' म्हणायची, कारण कुठलीही वस्तू नुसती बघून ते माप सांगायचे. नव्या दाराकडे पाहून "खालून दोन मिलिमीटर तिरकं बसलंय" म्हणाले की सुतार मुकाट्याने बिजागरी काढायचा. लेकीला गिऱ्हाइकं 'ताई' म्हणत. तिनेच कोळ्याला बेघर केलं आणि मला रॉकेलने न्हाऊ घातलं.

ताईला डोंगरावरच्या रस्त्याची शर्यत खुणावत होती. त्यात एकेक गाडी सोडतात आणि वर पोचेपर्यंतचा वेळ मोजतात. मागच्या वर्षी ती आमचीच गाडी घेऊन शर्यतीत उतरली होती आणि शेवटून तिसरी आली होती. म्हणून यंदा तिने सुपरचार्जर बसवला. हा इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा पंप. आग्रह करकरून वाढणाऱ्या यजमानासारखा तो इंजिनात हवा कोंबतो. पण ती हवा यायची माझ्यातूनच, आणि माझं तोंड पडलं लहान.

"नाना, सगळं इथेच घुसमटतंय," दाबाच्या काट्याकडे पाहत ताई म्हणाली. "साठ मिलिमीटरची आहे. चौसष्ट करू या."

"भिंत किती उरेल?"

"साडेतीन."

"हे मॉडेल बंद झालंय. दुसरी मिळणार नाही. चुकलीस तर हीही गेली."

"मग चुकायचं नाही."

नाना हसले. बोअरिंगला, म्हणजे मला आतून कापून रुंद करायला, लेथवर मात्र त्यांनी तिलाच उभं केलं. स्वतः स्टुलावर बसले, दोन्ही हात खिशात. ताई केसाएवढा काप घ्यायची, थांबायची, मोजायची. नाना फक्त ऐकायचे. "थांब. हत्यार बोथट झालंय, आवाज बदलला." ती पाहायची, तर खरंच! इतकी शांत, इतकी नेटकी कापणी मी कारखान्यातही अनुभवली नव्हती. संध्याकाळपर्यंत मी चौसष्टची झाले. आतून आरशासारखी.

राहिली दांडी. ती मधोमध पातळ केली की हवेला अडथळा कमी होतो. "दांडी मी करतो, तू झडप कर," असं म्हणून नाना पाठ फिरवून बसले. दांडी म्हणजे माझा कणा. कानस एका बाजूला घसरली. पुन्हा घसरली. मला कळलं, पण सांगणार कुणाला?

दुसऱ्या दिवशी ताईने गाडी बाहेर काढली. चढावर तर मी हरखूनच गेले. एवढी हवा मी जन्मात प्यायले नव्हते! मग उतार आला, पुढे वळण. ताईने पाय काढला, आणि मी मिटेना. सुपरचार्जर मागून ओढत होता, त्या ताणाने दांडी वाकून अडकली होती. इंजिन किंचाळत होतं. ताईने क्लच दाबला, किल्ली एक घर मागे फिरवली, ब्रेकवर उभी राहिली. रस्त्याकडेच्या खडीच्या ढिगात चाक रुतलं तेव्हा गाडी थांबली. ढिगाच्या पलीकडे दरी होती.

"माझंच बोअरिंग तिरकं गेलं असणार," घरी आल्यावर ती एवढंच बोलली. तिने शर्यतीतून नाव मागे घेतलं. नाना त्या दिवशी जेवले नाहीत.

सकाळी त्यांनी मला खोललं, दांडी आणि मायक्रोमीटर ताईपुढे ठेवला. "मोज."

तिने मोजलं. एका बाजूला सहा, दुसऱ्या बाजूला जेमतेम पाच. "नाना, हे..."

"मी घासलं. हात थरथरतो माझा. वर्ष झालं. तुझं बोअरिंग चोख आहे, पोरी. चूक माझी आहे."

"मग सांगायला काय झालं होतं? मी मेले असते नाना!"

"चाळीस वर्षं लोक म्हणतात, नाना चुकत नाहीत. ते ऐकायची सवय लागली."

ताई तडक बाहेर गेली. ताईची आई दारात उभी होती. "अहो, वर्षभर तुम्हाला अर्धाच कप चहा ओततेय मी," ती हळूच म्हणाली. "वाटलं, आज सांगाल, उद्या सांगाल."

बऱ्याच वेळाने ताई परत आली. डोळे लाल होते. एप्रन बांधत तिने विचारलं, "नवी दांडी कशाची करू?"

"स्टीलची. आणि पातळ करू नकोस. ती हाव माझी होती."

या वेळी नाना सांगत गेले आणि ताई करत गेली. माप तिने घेतलं, तिनेच मोठ्याने वाचलं. स्क्रूंची टोकं ठोकून पसरवली, म्हणजे सुटून सुपरचार्जरमध्ये पडायला नकोत. मग तिने शंभर वेळा मला उघडमिट करून पाहिलं. शंभरही वेळा मी मिटले. तेव्हा कुठे तिने पुन्हा नाव दिलं.

शर्यतीच्या दिवशी तपासनिसाने बॉनेट उघडलं. भोवती गल्लीतले मिस्त्री जमले होते. "सुरेख काम! नाना, तुमचाच हात ना?"

"नाही," नाना सगळ्यांसमोर म्हणाले. "माझ्या लेकीचा. मी केलेली दांडी अडकली होती, ती काढून टाकली." मिस्त्री एकमेकांकडे बघत राहिले. माणूस पंचवीस टनांचं यंत्र उचलू शकेल एक वेळ, पण असं वाक्य उचलायला वेगळंच बळ लागतं.

आम्ही वर पोचलो, मागच्या वर्षीपेक्षा अकरा सेकंद आधी. नंबर पाचवा. रेषेपाशी सगळे घड्याळाकडे पाहत होते. नाना तेवढे डोळे मिटून उभे होते. ताईने रेषा ओलांडली, पाय काढला, आणि इंजिनाचा आवाज अलगद खाली आला.

"मिटली," नाना म्हणाले, आणि मग त्यांनी डोळे उघडले.

मी अजून याच गाडीत आहे. तुमच्या गाडीतही माझी एखादी बहीण असेल. वर्षातून एकदा तिचं तोंड पुसा. आणि कुणी तिला हात लावणार असेल, तर त्या हातांना आधी खुशाल विचारा, कसे आहात म्हणून.