साहेबांचा डबा

"आला बघा. आजही डबा घेऊन आला. आता गिळा मुकाट्याने."

चेनवाली हे ओठ न हलवता बोलली. दप्तरांना चेन लावायचं काम तिच्याकडे होतं, म्हणून ती चेनवाली.

"हळू," शेजारी बसलेल्या वहिनी म्हणाल्या. "त्यांना आता आपली भाषा कळते."

"भाषा कळते हो. बाकीचं कुठे कळतं?"

साहेब परदेशातून आले होते, दप्तरं शिवणारा हा कारखाना चालवायला. आल्या आल्या त्यांनी स्वतःच्या खोलीची भिंत पाडून घेतली आणि दुपारी सगळ्यांबरोबर लांब टेबलाशी जेवायला बसू लागले. त्यांच्या देशात म्हणे वरचे-खालचे एकत्र जेवतात आणि जे काय असेल ते एकमेकांना तोंडावर सांगतात. माणूस सज्जन. डबा स्वतः विसळायचे, प्रत्येकाच्या मुलांची नावं पाठ केली होती. पंचाईत अशी, की त्यांच्यावर धड रागावायचीही सोय नव्हती.

पूर्वी या टेबलावर जेवण कमी आणि भांडण जास्त व्हायचं. शिलाई वहिनींच्या हाताखाली, आणि कापड कापणारा मास्तर त्यांचा सख्खा दीर.

"भावजी, कालचे खिसे बघितलेत? डोळे घरी ठेवून येता का?"

"तुम्ही कापड ओढून शिवता वहिनी, त्यात खिसा काय करील बिचारा!"

सगळे हसायचे, चेनवाली आगीत तेल ओतायची. पण हात धुऊन झाले की मास्तर गुपचूप वहिनींच्या मशीनपाशी यायचा, खिसा उलटसुलट करून बघायचा, आणि दुपारनंतरचे खिसे नीट यायचे. तक्रारवही होती, ती कोरी. कामातली चूक जेवताना काढायची आणि पाण्याबरोबर गिळून टाकायची, अशी इथली रीत. कुणी बसून ठरवलेली नव्हती.

साहेब टेबलाशी आले आणि ही रीत बंद पडली. साहेबांसमोर बोललं की ती चहाडी. सख्ख्या दिराची चहाडी करून वहिनी संध्याकाळी कुठल्या तोंडाने घरात शिरणार? चूल एक, सासूबाई एक. मग टेबलावर कुणाच्या मुलाचे दात, कुणाचा गुडघा, यंदाचा उकाडा. साहेबांना वाटायचं, काय एकोपा आहे या लोकांत! आईला फोनवर तसं कौतुकाने सांगायचेसुद्धा.

अशात खिशाचा नमुना झिजला. पुठ्ठ्याचाच तो, रोज त्याच्या कडेने खडू फिरवून फिरवून कड गेली आणि खिसा अर्धं बोट आखूड यायला लागला. कापणाऱ्याला हे दिसत नाही, शिवणाऱ्याला दिसतं. वहिनींना पहिल्याच दिवशी दिसलं. जेवताना त्यांनी तोंड उघडलं, साहेबांनी हसून त्यांच्याकडे मान वळवली, आणि वहिनी म्हणाल्या, "भावजी, जरा मीठ द्या."

मशीन सोडून मास्तरकडे जावं, तर साहेबांच्या खोलीला आता भिंत नाही, ते बघून लगेच उठून यायचे, "काय झालं? मी मदत करू?" घरी बोलावं, तर कारखाना उंबऱ्याबाहेर ठेवायचा हा सासूबाईंचा दंडक. मग कापड ताणून ताणून खिसे बसवले. असे तीन आठवडे गेले. दप्तरं दुकानांत पोचली, पोरांनी त्यांत पुस्तकं कोंबली आणि खिसे उसवले. माल परत आला. मागोमाग मुख्य कचेरीचं पत्र: चूक कोणाची ते शुक्रवारपर्यंत कळवा.

साहेबांनी एकेकाला बाजूला घेऊन विचारलं. जो तो म्हणाला, "तसं सगळं ठीक आहे, साहेब." शेवटी त्यांनी पट्टी घेऊन स्वतः खिसे मोजले. आखूड. खिसे कोण कापतं? मास्तर.

शुक्रवारी ते टेबलाशी बसले, पण डबा उघडला नाही.

"मास्तर," एकेक शब्द जपून ठेवत ते म्हणाले, "मला फार वाईट वाटतं. सोमवारपासून तुम्ही येऊ नका. सगळ्यांसमोर सांगतो, कारण आपण एकमेकांपासून काही लपवत नाही."

मास्तरने डब्याचं झाकण लावलं, पुन्हा काढलं, पुन्हा लावलं. एकवीस वर्षं तो याच बाकावर जेवत होता.

"नमुना झिजलाय," वहिनी म्हणाल्या. "त्यांचा हात नाही चुकला."

"तुम्हाला माहीत होतं?"

"तीन आठवडे झाले."

"मग सांगितलं का नाही? मी रोज इथेच तर बसतो!"

चेनवालीने टेबलाखालून वहिनींच्या पायावर पाय दिला. जाऊ दे, नको. साहेब मात्र खरोखरच उत्तराची वाट बघत होते.

वहिनींनी पाय काढून घेतला. आवाज मात्र भावजींना झापतानाचाच लागला.

"इथे बसता, म्हणूनच तर. साहेब, तुम्ही आमच्यात जेवायला बसू नका."