उष्टं ताट

बसा भाई, चहा उकळेस्तोवर एका दीडशहाण्याची गोष्ट सांगतो. गोत्री भागातल्या ज्या ऑफिसात माझं कँटीन आहे, तिथले सलीलसाहेब. दवाखान्यासाठी प्रोग्राम करत होते. हाताखालच्या देवश्रीनं तेव्हाच हटकलं. मलाही समजावलं, "काका, फ्रेमवर्क वाढप्यासारखं असतं. कोडला लागेल ती वस्तू आणून देतं. सगळ्यांना एकच द्यायची की दरवेळी नवी, ते आपण सांगायचं. पेशंटची माहिती दरवेळी नवीच हवी."

साहेबांनी एकच ठेवली. झालं, सकाळी पहिल्या आलेल्या कमलाबाईंचं नाव दिवसभर सगळ्यांच्या रिपोर्टवर, मिशीवाल्यांच्यासुद्धा. खापर फोडलं देवश्रीवर.

दुपारी साहेब जेवायला बसले. ऑफिसातलाच कुणाल नुकताच जेवून उठला होता, त्याच्याच ताटात मी त्यांना डाळभात वाढला.

"काका, हे उष्टं आहे."

"पातेलं सगळ्यांना एक, मग ताटही एकच. तुमच्या प्रोग्रामसारखं."

सगळे हसले. साहेबांना चूक नाही कळली, हसणं तेवढं कळलं. मला तिनंच पढवलं म्हणत संध्याकाळी देवश्रीला काढून टाकलं.

माझ्या जिभेपायी गेली तिची नोकरी. तुमच्या अकोट्याच्या कंपनीत जागा असेल तर तिला बोलवा ना, भाई.