हळदीच्या पाण्यातलं विष

"बघा, बघा! विष उतरलं!"

इंग्लंडमधल्या वॉटफर्डच्या एका कम्युनिटी हॉलमधली माणसं खुर्च्या सोडून उठली. अवधूतबाबांच्या परातीतलं पिवळंधमक पाणी बघता बघता लालभडक झालं होतं. त्यात कस्तुरीचे विभूती चोळलेले हात बुडाले होते. बाबांनी लिंबू पिळलं आणि पाणी पुन्हा पिवळं झालं.

"जळालं विष! क्वांटम लेव्हलची शक्ती आहे, माताजी. आता सुई टोचून घेऊ नका. सुप्त विष जागं होतं."

मागच्या रांगेत वरदाच्या कपाळावर आठी पडली. वरदा ब्रॅकनेलच्या एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टर. गोष्ट कुठे मोडते हे शोधणं तिचं रोजचं काम. आणि कस्तुरी तिची जिवाभावाची मैत्रीण. कस्तुरीच्या छातीत गाठ लागली होती. मंगळवारी बायॉप्सी होती.

"मी अपॉइंटमेंट कॅन्सल करतेय," कार पार्कमध्ये कस्तुरी म्हणाली. "डोळ्यांनी पाहिलं मी. आणखी काय एव्हिडन्स हवा?"

"पाणी लाल झालेलं पाहिलंस. विष निघालेलं कुठे पाहिलंस?"

"तुला सगळ्यातच बग दिसतो!" कस्तुरी चिडली, आणि लगेच रडवेली झाली. "मला भीती वाटते गं."

वरदाने तिला जवळ घेतलं. "उद्या शिबिराचा दुसरा दिवस आहे. माझ्यासोबत ये. तोवर हॉस्पिटलला फोन करू नकोस, एवढंच."

दुसऱ्या दिवशी वरदा हॉलच्या किचनमधला स्टीलचा डाव घेऊन रांगेत उभी राहिली. बाबा विभूती चोळणार, तेवढ्यात तिने कोरा हात परातीत बुडवला. पाणी पिवळंच.

"श्रद्धा नाही तुमची," बाबा गंभीरपणे म्हणाले.

वरदाने ताटलीतली विभूती डावाला फासली आणि डाव पाण्यात बुडवला. पाणी लाल!

"डावाची श्रद्धा आहे वाटतं," ती म्हणाली. "याला कुठला रोग आहे, बाबा?"

कुणीतरी फिस्सकन हसलं. वरदा लोकांकडे वळली. "शर्टावरच्या हळदीच्या डागाला साबण लावला की काय होतं?"

"अगोबाई, लाल होतो!" पुढे बसलेल्या लीलावतीबाई उद्गारल्या. मुलाकडे आलेल्या या आजींनी जन्मभर डाग धुतले होते.

"या विभूतीतही तसंच काहीतरी आहे, बहुतेक धुण्याचा सोडा. लिंबाच्या आंबटपणाने रंग परत पिवळा होतो. घरी करून बघा. माझ्यावरही विश्वास ठेवू नका."

"बसा खाली!" एक भक्त ओरडला. बाबांना अचानक ध्यानाची वेळ आठवली आणि ते मागच्या दाराने गेले.

"मग गाठ कसली आहे?" कस्तुरीने हळूच विचारलं.

"मला माहीत नाही. बाबांनाही नाही. कळायचा रस्ता मंगळवारचाच. मी येते सोबत."

मंगळवारी वरदा तिचा हात धरून बसली. पुढच्या आठवड्यात रिपोर्ट आला. गाठ साधी होती, कॅन्सरची नव्हती. दोघी वेटिंग रूममध्ये रडल्या.

आता खरी गंमत. कस्तुरीकडून बातमी कळताच शिबिराच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मेसेज झळकला: 'कस्तुरीताईंची गाठ निरुपद्रवी. बाबांनी विष जाळल्याचा पुरावा!'

कस्तुरीने उत्तर दिलं, "आणि रिपोर्ट वाईट आला असता तर?"

"तर तुमची श्रद्धा कमी पडली असती," एका भक्ताने लिहिलं.

"म्हणजे काहीही निघालं तरी बाबा बरोबरच. मग तो पुरावा कशाचा? डॉक्टर चुकले असते तर पुन्हा तपासून ते कळायची सोय तरी होती."



मंडळी, मनाला पटलं म्हणजे कळलं असं होत नाही. कुणी चमत्कार दाखवला तर एवढंच विचारा: हे खोटं असतं, तर मला कशावरून समजलं असतं? उत्तर मिळेपर्यंत डॉक्टरांची अपॉइंटमेंट रद्द करू नका.